नाशिकमध्ये ट्युलिपचे कंद: फ्रीजमध्ये कधी ठेवायचे, कुंडीत कधी लावायचे?

मृणाल_इंदिरानगर
२१ सप्टेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलाय, पण गेल्या वर्षी काय झालं ते सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही, म्हणून सगळंच लिहिते.

माझी आई सिन्नर तालुक्यातल्या एका शाळेत ३१ वर्षं भूगोल शिकवायची. नेदरलँड्सचा धडा आला की ती फळ्यावर आधी बांध काढायची. बांधाच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला समुद्राहूनही खालची जमीन, आणि त्या जमिनीवर रंगीत खडूने ट्युलिपच्या रांगा. अशा बांध घालून मिळवलेल्या जमिनीला म्हणतात तो ‘पोल्डर’ हा शब्द मला तिच्यामुळे धडा यायच्या कितीतरी आधी पाठ होता. प्रत्यक्ष ट्युलिप मात्र तिने कधी पाहिला नाही. दल सरोवराकाठची श्रीनगरची बाग बघायला न्यायचं ठरवलं होतं, पण आता तिच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपत नाही. म्हणून म्हटलं, फूलच घरी आणू.

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी ऑनलाइन वीस कंद मागवले. पाकिटावर ‘लगेच लावा’ एवढंच लिहिलं होतं. भावाच्या शेतातली काळी माती आणली, त्यात शेणखत घातलं, प्लास्टिकच्या दोन मोठ्या कुंड्या भरल्या. आमच्या गॅलरीत पश्चिमेचं ऊन येतं. पाच-सहा कंद मातीतच सडले. बाकीच्यांना पानं आली, चार-पाच बोटं उंच. तीन ठिकाणी कळी दिसली, पण ती पानांच्या बेचक्यातच कागदासारखी वाळून गेली. एकच फूल उमललं, तेही दांडा न येता, मातीला टेकलेलं. आई काठी घेऊन गॅलरीत आली, वाकून बघायला गेली, पण तिला वाकता येईना. मी गॅलरीत उभी राहून रडले.

या फेब्रुवारीत ९ तारखेला तिला ७५ वर्षं पूर्ण होतायत. खुर्चीत बसून दिसेल असं, दांड्यावर उभं राहिलेलं फूल मला तिला दाखवायचंय. कुठली जात घेऊ? कधी मागवू? फ्रीजमध्ये ठेवावे लागतात म्हणतात ते खरं का, आणि किती दिवस? मातीचं काय करू?

अण्णा_निफाड
२२ सप्टेंबर, सकाळी ६.१५

ताई, ट्युलिप मी लावलेला नाही. कांदा चाळीस वर्षं लावतोय. तुमचं वाचून जे ध्यानात आलं ते सांगतो.

आमच्या रांगड्या कांद्याला थंडी लागली की डेंगळे निघतात. गड्डा पोसायचा सोडून झाड फुलाचा दांडा वर काढतं, आणि तो माल मार्केटला कोणी विचारत नाही. तुम्हाला नेमका तो दांडाच हवाय. म्हणजे थंडी मिळाली तर दांडा, नाही मिळाली तर नुसती पात. गेल्या वर्षी तुमच्याकडे पातच आली, यावरून थंडी कमी पडली असं माझं मत.

कंद घरी आला की कांदा पारखतात तसा पारखा. मान अंगठ्याने दाबायची, घट्ट लागली पाहिजे. बुडाशी मऊ लागला, वास आला, हातात हलका वाटला की बाजूला काढा. वरच्या पापुद्र्यावर हिरवट-निळी बुरशी पुसली की जात असेल तर घाबरायचं कारण नाही, आत शिरलेली नको. एक सडका कंद बाकीच्यांत ठेवू नका, चाळीत एका सडक्या कांद्यापायी पोतंच्या पोतं जातं.

पण फ्रीजचा खटाटोप कशाला? निफाडला जानेवारीत पारा पाच-सहावर येतो, कधी त्याच्याही खाली जातो. कुंड्या आमच्या मळ्यावर आणून ठेवा, मी लक्ष ठेवीन.

सुनंदा_म्हसरूळ
२२ सप्टेंबर, दुपारी ३.०५

मृणाल, तुझ्या आईसाठी आहे म्हणून सविस्तर लिहिते. मी घरी शिवणकाम करते. बागेचं शिक्षण काही नाही, पण चार हिवाळे ट्युलिप लावलेत आणि प्रत्येक तारीख वहीत लिहून ठेवलीय. अण्णांनी डेंगळ्याचं सांगितलं ते अगदी बरोबर आहे, मला चार वर्षांत ते इतकं सोपं करून सांगता आलं नसतं.

दुसऱ्या वर्षी मी एक कंद मुद्दाम विळीवर उभा चिरला. साठ रुपयांचा कंद, जिवावर आलं होतं. तपकिरी पापुद्रा कांद्यासारखाच सुटला. आत पांढरेशुभ्र जाड पदर, एकावर एक. मधोमध, बुडाच्या चकतीवर, गव्हाच्या दाण्याहून थोडा मोठा पिवळट कोंब. त्याची पानं मी सुईच्या टोकाने अलगद बाजूला केली, तर आत फूल तयार होतं! मोहरीएवढं, फिकं हिरवट. भिंग घेऊन मोजलं, सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि मधे तीन कोनांचं स्त्रीकेसर. सगळं जागच्या जागी.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फूल आपल्याकडे घडत नाही, ते कंदात घडूनच येतं. आपल्याला फक्त त्याचा दांडा वर काढायचा असतो, आणि दांडा लांब होतो तो थंडीमुळे. हे झाड मूळचं मध्य आशियातल्या डोंगरांतलं. तिथे महिनोन्‌महिने जमीन गारठलेली असते, आणि कंद तेवढी थंडी भोगल्याशिवाय दांडा सोडत नाही. तुझं ते मातीला टेकलेलं फूल आजारी नव्हतं, त्याला थंडी पुरली नव्हती एवढंच.

अण्णा, आता तुमच्या मळ्याचं. रात्रीचा पारा धरून हिशोब जमत नाही. कंदाला ९ अंशांच्या खाली सलग १२ ते १४ आठवडे लागतात, दिवसरात्र. आपल्याकडे पहाटे सहा असले तरी दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस होतात. मी एका वर्षी चार कंद फ्रीजमध्ये न ठेवता थेट गच्चीवर कुंडीत लावले होते. जानेवारीत दुपारी तीनला त्या कुंडीच्या मातीत थर्मामीटर खोचला तर २३ अंश! चारही कंदांना नुसती पानं आली. त्यामुळे नाशिक असो की निफाड, फ्रीज हवाच.

तारखा उलट्या मोज. आपल्याकडे लावायची खरी वेळ नाताळच्या आसपास, कारण त्यानंतरचे चार-पाच आठवडे वर्षातले सर्वांत गार. २५ डिसेंबरपासून बारा आठवडे मागे गेलीस की २ ऑक्टोबर येतो. गांधी जयंतीला कंद फ्रीजमध्ये गेलेच पाहिजेत, आठ-पंधरा दिवस आधी गेले तर आणखी चांगलं. तेव्हा आजच मागव. नोव्हेंबरात आलेले कंद बारा आठवडे थंड करत बसलीस तर फेब्रुवारी उजाडतो, आणि तेव्हा दुपारचं ऊन कळीला जाळतं. विकणाऱ्याला फोन करून एकच विचार: कंद आधी थंड केलेले आहेत का, आणि किती आठवडे? थंड करून पाठवलेले असतील तर ते पुन्हा बाहेर ठेवायचे नाहीत. आले की थेट फ्रीजमध्ये, आणि झालेले आठवडे वजा करून तारीख मोजायची. दिल्लीत शांतिपथावर फेब्रुवारीत ट्युलिप फुलतात ते हॉलंडमध्ये असेच थंड करून आणलेल्या कंदांचे.

फ्रीजमध्ये भाजीच्या खालच्या कप्प्यात, कागदी पिशवीत किंवा जाळीच्या पिशवीत. बंद प्लास्टिकमध्ये घाम सुटतो आणि बुरशी धरते. फ्रीजर नको, मागच्या भिंतीला टेकूनही नको, तिथे गोठतात. चार ते सहा अंश असले की झालं.

आणि हे मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजला चिकटव: कंद आहेत तोवर या फ्रीजमध्ये सफरचंद, केळी, चिकू, पेरू, सीताफळ, टोमॅटो ठेवायचे नाहीत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि तो आतल्या त्या मोहरीएवढ्या फुलाला मारतो. कंद बाहेरून ठणठणीत दिसतो, पानंही येतात, आणि कळी पोटातच वाळते. पहिल्या वर्षी माझे दहाच्या दहा असे गेले. ऑक्टोबर म्हणजे सीताफळांचा हंगाम, आमच्या फ्रीजमध्ये डझनभर सीताफळं होती. द्राक्षं चालतात, त्यांच्यातून हा वायू नगण्य सुटतो. पिशवीवर ‘खायचे नाहीत’ असंही लिही. घरात कामाला येणाऱ्या मावशींना कांदेच वाटतात, आणि हे कंद विषारी असतात. कुत्रं-मांजर असेल तर त्यांच्यापासूनही जप. हाताळताना काहींच्या बोटांना खाज सुटते, मी जुने हातमोजे घालते.

जात सांगायची तर पहिल्यांदा ट्रायम्फ घे. दांडा मजबूत, कुंडीत लवकर फुलवायला सोपी. डार्विन हायब्रिड मोठ्या फुलाची आणि उंच, तीही चालेल. झालरीच्या पाकळ्यांची पॅरट आणि भरगच्च डबल बघून मोह होतो, पण त्यांची डोकी जड. उशिरा फुलणाऱ्या जाती, ती काळपट जांभळी क्वीन ऑफ नाइट वगैरे, आपल्याला परवडत नाहीत. त्यांची वेळ येईतो आपल्याकडे उन्हाळा लागलेला असतो. क्लुसियाना नावाची छोटी रानटी जात आहे, लाल-पांढरी, नाजूक, तिला थंडी कमी लागते. मिळाली तर पाच घेऊन बघ, पण आईला फळ्यावरचा ट्युलिप बघायचाय, तो ट्रायम्फसारखाच.

जातीपेक्षा आकार बघ, इथे माझं शिवणकाम कामी येतं. कंद आला की त्याच्या पोटाभोवती टेप लावून घेर मोज. १२ सेंटिमीटर किंवा जास्त हवा. दहाच्या आतला कंद फूल देईलच याची खात्री नाही. विकणारे फुलांचे फोटो भरपूर टाकतात आणि घेर लिहीत नाहीत. जो घेर लिहितो त्याच्याकडून घे, दहा रुपये जास्त गेले तरी.

काळी माती अजिबात नको, पाणी धरून ठेवते, तुझे सडले ते त्यामुळेच. मी दोन वाटे लाल माती, एक वाटा जाड वाळू, अर्धा वाटा जुनं गांडूळखत घेते. जास्त खत लागतच नाही, कंदाने शिदोरी बरोबर आणलेली असते. प्लास्टिकऐवजी मातीची कुंडी घे, ती पाझरते म्हणून गार राहते. बारा इंची कुंडीत सात कंद, एकमेकांना जेमतेम न टेकतील असे. टोक वर, आणि टोकावर तीन-चार इंच माती. कंदाची एक बाजू चपटी असते, ती कुंडीच्या काठाकडे कर. पहिलं मोठं पान त्या बाजूला येतं, म्हणजे पानं बाहेर झुकतात आणि फुलं मधे मोकळी राहतात. लावल्यावर एकदा भरपूर पाणी, मग पहिले दहा-बारा दिवस जिन्याखाली किंवा न्हाणीघराच्या कोपऱ्यात, अंधारात. मुळं आधी धरू देत. कोंब दोन बोटं वर आला की बाहेर, पण सकाळच्या उन्हात. तुझी पश्चिमेची गॅलरी चालणार नाही. पूर्वेला खिडकी आहे का? कुंडीखाली ओलं गोणपाट ठेव, फरशीची धग लागत नाही.

सगळे एकाच दिवशी लावू नकोस. अर्धे २५ डिसेंबरला, अर्धे १ जानेवारीला. माझ्या वहीप्रमाणे लावल्यापासून फूल उमलायला ३३ ते ४१ दिवस लागलेत. दोन हप्ते केलेस तर ९ फेब्रुवारी त्यात सापडते.

किरण_सातपूर
२२ सप्टेंबर, रात्री ८.३०

सुनंदाताईंनी सगळं छान सांगितलंय, पण माझं मत वेगळं. हे कंद पुढच्या वर्षी फुलत नाहीत, म्हणजे दर वर्षी हजार-दीड हजार मातीत. त्यापेक्षा गुलछडी लावा, ग्लॅडिओलस लावा, अमरिलिस लावा. यांना फ्रीज लागत नाही, आणि गुलछडीच्या वासाची सर ट्युलिपला कुठून येणार? या शहराला एके काळी गुलशनाबाद म्हणायचे. इथे जे उगवतं त्याचंच आपण कौतुक करावं, असं मला मनापासून वाटतं.

सुनंदा_म्हसरूळ
२२ सप्टेंबर, रात्री ९.५०

किरण, गुलछडी माझ्या दारात बारा महिने असते. पुढच्या वर्षी ट्युलिप फुलत नाही हेही खरं. मूळ कंद फुलल्यावर संपतो आणि त्याच्या पोटी लहान पिल्लं येतात. थंड प्रदेशात फुलानंतर पानं सावकाश पिवळी पडतात, तोवर पिल्लं पोसतात. आपल्याकडे मार्चच्या उन्हात पानं पंधरा दिवसांत वाळतात. मी एकदा उकरून बघितलं, अंगठ्याएवढी तीन पिल्लं होती, घेर सहा-सात सेंटिमीटर. मी ती खतात टाकते. पण मृणालची आई एकतीस वर्षं जे फूल फळ्यावर काढत होती ते गुलछडी नव्हतं.

मृणाल_इंदिरानगर
१ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.२०

सुनंदाताई, कंद आले. ट्रायम्फचे पंधरा, लाल आणि पिवळे. टेप लावून सगळे मोजले. तेरा कंद बारा सेंटिमीटरच्या वर, दोन साडेदहाचे. अण्णा, माना दाबून बघितल्या, घट्ट आहेत. विकणाऱ्याला विचारलं, थंड केलेले नाहीत म्हणाला. उद्या सकाळी फ्रीजमध्ये ठेवते. फळांसाठी शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये एक कप्पा मागून घेतला. आईने स्वतः पिशवीवर लिहिलं, ‘खायचे नाहीत’, अगदी फळ्यावरच्या अक्षरात.

पूर्वेला स्वयंपाकघराची खिडकी आहे, बाहेर जाळीचं कपाट. दोन कुंड्या मावतील. मधे वीज गेली तर?

सुनंदा_म्हसरूळ
१ ऑक्टोबर, रात्री ८.०५

चार-सहा तास गेली तर काही होत नाही, दार उघडू नकोस. दर रविवारी पिशवी काढून एकेक कंद हातात घेऊन बघ, मऊ झालेला लगेच काढ. डिसेंबरात टोकाला हिरवा कोंब दिसायला लागेल, तो बघून घाई करू नकोस. २५ तारखेच्या आधी लावायचे नाहीत. साडेदहाचे दोन दुसऱ्या हप्त्यात लाव, आले तर आले.

मृणाल_इंदिरानगर
४ फेब्रुवारी, सकाळी १०.४५

एक कंद नोव्हेंबरात मऊ पडला, तो काढून टाकला. पहिल्या कुंडीत सात लावले होते, सातही वर आलेत. पहिलं लाल फूल परवा उमललं, लावल्यापासून ३९ दिवस. दांडा वीतभराहून जास्त आहे, मी पट्टी लावून मोजला: २८ सेंटिमीटर. दुसऱ्या कुंडीत पाच कळ्यांना रंग चढलाय, साडेदहाच्या दोघांना फक्त पानं.

आई खिडकीशी खुर्ची टाकून बसते. काल तिने एक गोष्ट हेरली. संध्याकाळी फूल मिटतं आणि सकाळी खिडकीत ऊन आलं की नऊ-साडेनऊच्या सुमारास पुन्हा उघडतं. आज ती घड्याळ घेऊन बसली होती. आत तळाशी काळा डाग आहे, त्याला पिवळी किनार, हे तिला माहीत नव्हतं. ‘मी फळ्यावर नेहमी बाजूनेच काढला,’ म्हणाली.

ताई, हे फूल नऊ तारखेपर्यंत टिकेल का? दुपारी ३१ अंश होतायत.

सुनंदा_म्हसरूळ
४ फेब्रुवारी, सकाळी ११.१०

वाचताना माझे हात मशीनवर थांबले. हे पहिलं फूल नऊपर्यंत टिकेलच असं नाही, आपल्याकडे पाच-सहा दिवस मिळतात. पण मागच्या कळ्या आहेत. अकरा वाजले की कुंडी आत घे, घरातल्या सर्वांत गार खोलीत, पंख्याच्या वाऱ्यात नको. संध्याकाळी पुन्हा खिडकीत. दुसरी कुंडी अजून दोन दिवस पूर्ण सावलीतच ठेव, म्हणजे त्या पाच कळ्या सावकाश उघडतील. पाणी सकाळी, मातीवर, फुलावर नको.

अण्णा_निफाड
४ फेब्रुवारी, रात्री ८.४०

ताई, रविवारी नाशिकला लग्नाला येतोय. दांडा कसा निघालाय ते बघायला येऊ का? घरच्या कांद्याची पिशवी आणतो.

मृणाल_इंदिरानगर
४ फेब्रुवारी, रात्री ९.००

या ना अण्णा, नक्की या. फक्त अकराच्या आत या, नंतर फुलं आतल्या खोलीत असतात. आईला सांगितलंय, तिला डेंगळ्यांबद्दल तुम्हाला विचारायचंय.